२,४०२ कोटींतल्या पंचवीस

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० च्या १,७१६.५ कोटी आणि हजारच्या ६८५.८ कोटी नोटा रद्द झाल्या. एकूण २,४०२ कोटींहून अधिक कागद. दर सेकंदाला एक, अशा वेगाने रात्रंदिवस न थांबता एकट्याने त्या मोजायच्या तर ७६१ वर्षं लागतील. त्या रात्री मोजणी संपायला हवी असेल, तर सुरुवात देवगिरीवर यादव राज्य करत होते तेव्हा करायला हवी होती! एका नोटेची जाडी ०.१ मिलिमीटर धरली, तर एकावर एक रचलेली थप्पी २,४०० किलोमीटर उंच जाते. सीएसएमटी ते बदलापूर हे लोकलचं अंतर सुमारे ६८ किलोमीटर. म्हणजे तेवढ्या ३५ फेऱ्या, त्याही उभ्या.

आता उलट टोक बघा. बदलापूर पश्चिमेला सोनिवलीत राहणाऱ्या एखाद्या संग्राहकाला यातल्या किती नोटा जवळ ठेवता येतात? २०१७ च्या कायद्याने सर्वसाधारण माणसाला दहा. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीस. त्याहून जास्त सापडल्या तर दंड, किमान दहा हजार रुपये. पंचवीस नोटांची थप्पी अडीच मिलिमीटरची.

मोठ्या नोटा एका फटक्यात काढून घेण्याची कल्पना जुनी आहे. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपताच फ्रान्सने जून १९४५ मध्ये लोकांकडच्या नोटा बदलून घेतल्या आणि जानेवारी १९४८ मध्ये ५,००० फ्रँकची नोटच मागे घेतली. १ जानेवारी १९६० ला तर शंभर जुन्या फ्रँकचा एक नवा फ्रँक केला. त्या संक्रमणातल्या नोटा मला फार मोलाच्या वाटतात. बोनापार्टचं चित्र असलेल्या १०,००० च्या नोटेवर १०० नव्या फ्रँकचा ठसा मारलेला असतो. कागद तोच, चित्र तेच, दोन शून्यं गेलेली, आणि दोन्ही आकडे एकाच नोटेवर वाचता येतात. फ्रँकच्या उरल्यासुरल्या नोटा बदलून घेण्याची मुदतही १७ फेब्रुवारी २०१२ ला संपली.

आपल्याकडे जानेवारी १९४६ मध्ये ५००, १,००० आणि १०,००० च्या नोटा रद्द झाल्या. चलनात होत्या १४३.९७ कोटी रुपयांच्या, परत आल्या १३४.९ कोटींच्या. बाहेर राहिले नऊ कोटी रुपये. ते सगळे हजाराच्या नोटांत होते असं धरलं, तर नोटा नव्वद हजारांच्या आसपास भरतात. त्यानंतरच्या इतक्या वर्षांत त्यातल्या किती वाळवीने, पुराने, चुलीने नेल्या असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

२०१६ मध्ये ९९.३ टक्के रक्कम बँकांत परतली. ऐकायला जवळजवळ सगळंच परत आल्यासारखं वाटतं. पण न परतलेला उरलेला हिस्सा १०,७२० कोटी रुपयांचा आहे, आणि त्या सगळ्या हजाराच्याच नोटा मानल्या तरी १०.७२ कोटी होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. म्हणजे राज्यात जवळपास माणशी एक. म्हणून जुनी पाचशे-हजारची नोट दुर्मीळ म्हणून चढ्या भावाने विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शुभ मानल्या जाणाऱ्या ७८६ क्रमांकासाठी जादा पैसे मोजण्यातही मला अर्थ दिसत नाही.

खरं वाचायचं असतं ते नोटेच्या मागे, तळाशी. २००५ पासून तिथे छपाईचं वर्ष येतं. पुढच्या बाजूला गव्हर्नरची सही. हजारच्या नोटेवर बिमल जालान, वाय. व्ही. रेड्डी, डी. सुब्बाराव, रघुराम राजन यांच्या सह्या ओळीने लावता येतात. २०१५ पासून क्रमांकाचे आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, आणि कडेला दृष्टिहीनांसाठी उठावाच्या तिरक्या रेघा दिसतात. अशा नोटा वर्षभर चालल्या न चालल्या तोच ती रात्र आली.

आता जागा मोजा. २००५ ते २०१६ ही बारा वर्षं, मूल्यं दोन. वर्षाला प्रत्येकी एक नोट ठेवली की चोवीस जागा भरल्या. पंचविसावी जागा मी मागे वर्षच न छापलेल्या, २००५ पूर्वीच्या नोटेला देईन.