पावसातली लीग आणि सब्र
मुलगा क्रिकेट खेळू लागला की आपल्या सोलापुरातही घरोघरी आयपीएलच्या लिलावाच्या गोष्टी सुरू होतात. मुंबईची कांगा लीग मात्र वेगळेच शिकवते. १९४८ साली सुरू झालेली ही क्लबांची स्पर्धा भर पावसाळ्यात होते. मरीन ड्राइव्हचा इस्लाम जिमखानाही तिच्यात खेळत आला आहे. ओली खेळपट्टी, वाढलेले गवत. जमिनीलगतचा फटका सीमेआधीच अडतो. फलंदाजाला प्रत्येक चेंडू नीट पाहूनच खेळावा लागतो. सामना पावसात वाहून गेला, तरी पुढच्या वेळी पुन्हा हजर! सुनील गावसकर, सचिन तेंडुलकरही या चिखलात खेळले. पालकांनो, धावा विचारण्याआधी मुलगा सरावाला वेळेवर गेला का, ते विचारा. सब्र अंगी बाणतो तो असाच.