वानर आणि शेवाळी : संरक्षणाच्या दृष्टीने तुलना

रामटेकच्या गडावरील काळ्या तोंडाचे वानर नागपूर जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचे आहेत. पावसाळ्यात विहिरींच्या कठड्यांवर व जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवणारी मखमली शेवाळी मात्र दुर्लक्षितच राहते. पाण्यावर तरंगणारे शेवाळ निराळे. शेवाळीस बारीक खोड व पाने असतात. भिंतींवर सामान्यतः आढळणारी तिची एक जात म्हणजे हायोफिला इन्व्हॉल्यूटा होय.

उपजीविका

वानराचा मुख्य आहार पाने, फळे व फुले. त्याच्या जठराचे अनेक कप्पे असून त्यांतील सूक्ष्म जीव पाने आंबवून पचनास साहाय्य करतात. मादीस बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते.

शेवाळीस खरी मुळे नसतात. ती पाणी सर्वांगाने शोषून घेते. कोरड पडताच हायोफिलाची पाने आत वळतात व पाऊस येताच पुन्हा उघडतात. तिचा प्रसार बीजाणूंनी होतो. संत्र्याच्या खोडावरील शेवाळी झाडाचा रस शोषीत नाही. खोड ओलसर राहते, एवढेच ती दर्शविते. डिंक्या रोगाचे कारण फायटोफ्थोरा हा बुरशीसदृश सूक्ष्म जीव होय, शेवाळी नव्हे.

संरक्षणाची स्थिती

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत हा वानर 'कमी चिंतेच्या' वर्गात आहे. तथापि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण असल्याने त्याची हत्या करणे गुन्हा ठरतो. याउलट, जगातील सुमारे बारा हजार शेवाळी-जातींपैकी फारच थोड्यांची त्या यादीसाठी तपासणी झाली आहे. तपासणी न होणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. जी जात मोजलीच गेली नाही, ती नाहीशी झाली तरी कळावयाचे नाही.

ग्रामकार्यकर्त्यांनी सांगावयाच्या गोष्टी

१. वानरांना खाऊ घालू नये. त्यामुळे त्यांची माणसाविषयीची भीती जाते व ते वस्तीत आणि शेतात शिरतात.

२. पिकाची हानी दिसताच विषप्रयोग न करता वनविभागाकडे विनाविलंब लेखी अर्ज करून पंचनामा करवून घ्यावा.

३. पायऱ्यांवरील निसरडी शेवाळी अवश्य काढावी. परंतु ओढ्याकाठचे खडक व बांधांचे दगड विनाकारण खरवडू नयेत. तेथील शेवाळी ओल धरते व माती धुपू देत नाही.