चित्र आणि शब्द : पिंगुळीच्या पोथीवरून

चित्रपुस्तकांतील चित्र म्हणजे शब्दांचें अलंकरण, अशा समजुतीनें मलकापुरास शिकवीत असतां आम्ही मुलांस चित्र झांकून धडा वाचावयास लावीत असूं. कुडाळजवळील पिंगुळीची चित्रकथी परंपरा निराळेंच सांगते. (चित्रकथकाचा उल्लेख चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’तही आहे.) तेथील ठाकर कथेकरी पोथीचें एकेक सुटें पान पुढें धरून रामायण-महाभारतांतील आख्यान गातो. कोण कोठें उभा, हें डोळे पाहतात; तो काय बोलला, हें कान ऐकतात. छापील चित्रपुस्तकांत कथेकऱ्याचें काम वाचून दाखविणाऱ्या आईकडे येतें. माधुरी पुरंदरे आपल्या कित्येक पुस्तकांचीं चित्रें स्वतःच काढतात. तेथें चित्रांत दिसलेलें शब्दांनीं पुन्हा सांगण्याचें कारण उरत नाहीं. आमचे विद्यार्थी झांकलेल्या चित्राखालीं डोकावत, तें अवधान सुटल्यामुळें नव्हे, हें आम्हांस निवृत्तीनंतर उमगलें.