नरनाळा : नाव, आख्यायिका आणि शिलालेख

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे व आसपासच्या गावी स्थलनामांची विचारपूस करताना सातपुड्यातील नरनाळा किल्ल्याविषयी बहुधा एकच उत्तर मिळते : तो राजपुतांचा. नरनाळसिंह नामक राजपूत राजाने तो बांधला व त्याच्यावरून किल्ल्यास नाव पडले, ही आख्यायिका छापील पुस्तकांतूनही फिरत आली आहे. अकोट तालुक्यातील या गडाचा इतिहास लिहिताना या एका नावावर किती भार टाकावा, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

स्थलनामावरून पुरुष कल्पिणे ही लोकव्युत्पत्तीची जुनी रीत आहे. नावाचा अर्थ बोलणाऱ्यांस लागेनासा झाला, म्हणजे त्या नावाचा राजा जन्मास येतो. येथे तर 'सिंह' जोडताच त्याचा वंशही ठरून गेला. राजाचा पुरावा नाव आणि नावाचा पुरावा राजा! हे वर्तुळ भेदणारी साक्ष बाहेरूनच यावी लागते.

तशी एक साक्ष फिरिश्ताची. अहमदशाह बहमनीचा मुक्काम इ. स. १४२५ च्या सुमारास एलिचपुरास असता त्याने गाविलगड बांधला व नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे तो सांगतो. एकाचे बांधणे, दुसऱ्याची दुरुस्ती, हा भेद सहेतुक मानल्यास नरनाळा बहमनींपूर्वीचा ठरतो. मात्र तो गोंडांचा की राजपुतांचा, हे त्यातून निघत नाही.

अधिक बोलका पुरावा आहे तो महाकाली दरवाजाचा. शुभ्र वालुकाश्मात बांधलेल्या या दरवाजाच्या दर्शनी भागी कमळे कोरलेली आहेत. दोन्ही अंगांस पुढे आलेले सज्जे असून त्यांच्या दगडी जाळ्यांत नक्षीचे विविध प्रकार आढळतात. वर लेख आहे. हिजरी ८९२, म्हणजे इ. स. १४८७ मध्ये, शिहाबुद्दीन महमूदशाह बहमनीच्या कारकीर्दीत फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने दरवाजा उभारल्याचे तो नोंदवितो. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातील कानडी ब्राह्मण. लढाईत पकडला जाऊन तो मुसलमान झाला आणि १४९० मध्ये वऱ्हाडात स्वतंत्र झाला. लेखात अद्याप धन्याचे नाव आहे; बांधकामाचा थाट मात्र मांडलिकाचा वाटत नाही. कमळे दिसताच 'हिंदू काम' व लेख दिसताच 'मुसलमानी काम' अशी वाटणी करण्याची आपल्याकडे सवय आहे. या एकाच दरवाजापुढे ती निरुपयोगी ठरते.

मग राजपुतांचा उल्लेख सर्वस्वी निराधार समजावा काय? मला तसे वाटत नाही. 'राजपुतांचा किल्ला' यातील षष्ठी बांधणारा, धनी आणि राखणारा या तिघांसही सारखीच लागू पडते. राखणाऱ्यापुरता पुरावा शेजारच्या गाविलगडावर आहे. तो किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे असता तेथील किल्लेदार बेनीसिंह हा राजपूत होता. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने गड घेतला, तेव्हा तो लढताना पडला. दोन दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने गाविलगड व नरनाळा हे दोन्ही किल्ले भोसल्यांकडेच राहिले.