गोवर आणि तान्हे बाळ

सन २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली आणि काही बालके दगावली. अंगावर पुरळ उठून आपोआप जाणारा म्हणून गोवर साधा वाटतो. परंतु त्यातून होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो. रुग्णाच्या खोकल्यातून पसरलेले विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतात. गोवराची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, तर दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. त्याहून लहान बाळाला आधार असतो तो शेजारच्या मुलांनी घेतलेल्या लसीचा! १०० पैकी ९५ मुलांनी दोन्ही मात्रा घेतल्या, तर साथीला वाट सापडत नाही. भिलाईसारख्या पोलादनगरीत कामासाठी दूरदूरची कुटुंबे येतात. बिऱ्हाड हलवताना दुसरी मात्रा राहून जाते. लसीकरणाचे कार्ड हरवले असले, तरी ती नव्या गावच्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.