बेथसैदा ते यरीहो

चमत्काराची कथा समोर आली की श्रद्धाळू वाचक पुरावा म्हणून तिचा दाखला देतो आणि संशयी वाचक तिची उलटतपासणी आरंभितो. परंतु ते कृत्य घडले किंवा नाही, या एकाच मुद्द्यावर दोघांचीही दृष्टी खिळून राहिल्यामुळे, कथा सांगणाराला मुळात काय सांगावयाचे होते, याची विचारपूस करण्यास दोघांनाही सवड होत नाही. बहुसंख्य अभ्यासक चारही शुभवर्तमानांत ज्याला आद्य मानतात, ते मार्ककृत शुभवर्तमान या दृष्टीने फार विचार करण्याजोगे आहे. इ. स. ७० च्या सुमारास सिद्ध झालेल्या या अवघ्या १६ अध्यायांच्या ग्रंथाचा पूर्वार्ध चमत्कारांनी गजबजलेला आहे. तथापि परूशी लोक जेव्हा परीक्षा पाहण्याकरिता आकाशातून एखादे चिन्ह मागतात, तेव्हा येशू व्यथित होऊन ती मागणी साफ नाकारतो आणि मचव्यात बसून सरोवरापलीकडे निघून जातो.

त्या मचव्यात घडणारा प्रसंग मला अतिशय मार्मिक वाटतो. शिष्य भाकरी घ्यावयास विसरले आहेत, जवळ एकच भाकर उरली आहे, आणि त्या चिंतेने त्यांची आपसांत कुजबुज चालली आहे. पाच भाकरींत पाच हजार पुरुष आणि पुढे सात भाकरींत चार हजार लोक तृप्त झालेले ज्यांनी पाहिले, किंबहुना ते अन्न ज्यांनी स्वहस्ते वाढले, त्यांचीच ही अवस्था! उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्या किती भरल्या होत्या, असे येशू विचारतो, आणि ते एकदा १२ व एकदा ७ असा बिनचूक हिशेब देतात. जमाखर्च चोख आहे, बोध मात्र झालेला नाही. डोळे असून न पाहणाऱ्या या सोबत्यांविषयी येशू खेद व्यक्त करतो, आणि मचवा बेथसैदाला लागतो तोच लोक एका आंधळ्याला त्याच्यापुढे आणून उभा करतात.

येशू त्या माणसाचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि काही दिसते काय, असे विचारतो. त्याला माणसे दिसतात खरी, पण चालणाऱ्या झाडांसारखी. पुन्हा एकवार हात ठेवल्यावर सारे स्वच्छ दिसू लागते. दोन टप्प्यांत पुरा झालेला हा एकमेव चमत्कार मत्तय आणि लूक यांनी आपल्या ग्रंथांत घेतलेला नाही. प्रभूच्या सामर्थ्याला त्याने उणेपणा येईल, असे कदाचित त्यांना वाटले असावे. मार्कने तो जपला आणि नेमक्या जागी बसविला. कारण लगेच पुढे, हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर, हाच ख्रिस्त होय, असे पेत्र ठामपणे सांगतो, आणि ख्रिस्ताला दुःख भोगून मरावयाचे आहे, हे ऐकताच त्यालाच बाजूला घेऊन दटावू लागतो. पेत्राला ख्रिस्त दिसला होता, पण अजून झाडासारखा.

येथून पुढे येशू एकंदर तीनदा आपल्या मरणाविषयी बोलतो. दुसऱ्या वेळेनंतर आपल्यांत थोर कोण, यावर शिष्यांचा वाद होतो. तिसऱ्या वेळेनंतर जब्दीचे पुत्र याकोब व योहान त्याच्या वैभवात उजव्या व डाव्या हाताची आसने आपणांस मिळावीत, अशी दरखास्त घेऊन येतात. मधल्या वाटेवर एका पीडित मुलाचा बाप भेटतो. शिष्यांच्या हातून त्याचे काम झालेले नाही. आपल्या ठायी विश्वास आहे आणि अविश्वासही आहे, असे तो रडत कबूल करतो, आणि तरीही त्याचा मुलगा बरा होतो. बेथसैदाच्या आंधळ्याच्या विश्वासाचा तर उल्लेखच नाही. त्याला इतरांनी आणले होते. रोग हटला नाही म्हणून रोग्याच्याच श्रद्धेत खोट काढण्याचा जो निष्ठुर प्रघात भाविकांत अधूनमधून आढळतो, त्याला निदान मार्कच्या या कथांत आधार सापडत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कारण त्या प्रघाताने आजारी माणसावर दुखण्याच्या जोडीला अपराधाचेही ओझे लादले जाते.

यरीहोबाहेर रस्त्याच्या कडेला बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसलेला आहे. लोक गप्प बस म्हणून दटावीत असता तो अधिकच मोठ्याने हाका मारतो. मी तुझ्यासाठी काय करावे, हा जो प्रश्न येशूने थोड्याच वेळापूर्वी याकोब व योहान यांना विचारला होता, तोच तो बार्तीमयाला विचारतो. त्यांना आसने हवी होती, याला दृष्टी हवी आहे. त्याच अध्यायात एक श्रीमंत मनुष्य आपली मालमत्ता सोडवत नाही म्हणून खिन्न होऊन परत गेलेला आहे, आणि हा भिकारी अंगावरचे वस्त्र टाकून उठतो. बरा झाल्यावर त्याला जाण्याची मुभा मिळते. पण तो येशूच्या मागोमाग त्याच वाटेने निघतो, आणि ती वाट सुमारे २५ किलोमीटर अंतरात हजार मीटर चढून यरुशलेमास, म्हणजे वधस्तंभाकडे, जाणारी आहे.

यानंतर रोगी बरा केल्याची एकही कथा मार्क सांगत नाही. सांगतो ती वाळून गेलेल्या अंजिराच्या झाडाची. ज्या उजव्या व डाव्या जागांसाठी दोघा भावांनी अर्ज केला होता, त्या जागी कालवरीवर दोन लुटारू खिळले जातात. वधस्तंभावरून खाली उतर, म्हणजे आम्ही पाहून विश्वास ठेवू, असे मुख्य याजक उपहासाने म्हणतात, आणि तो उतरत नाही. तो कशा प्रकारे मरण पावला, हे समोर उभा राहून पाहणारा रोमन शताधिपती मात्र त्याला देवाचा पुत्र म्हणून ओळखतो. या शुभवर्तमानात मनुष्याच्या तोंडून असे उद्गार प्रथमच निघतात. आणि या अंमलदाराने येशूच्या हातून एखादा आंधळा डोळस झालेला किंवा एखादा रोगी उठून चालू लागलेला कधी पाहिला होता, असे मार्क कोठेही म्हणत नाही.