माणूस गेला, कर्ज राहिलं: आता फेडायचं कोणी?

इयरफोन घरी विसरला असाल, तर आजचा भाग इथे वाचून काढा. बोललो तेच लिहिलंय, फक्त माझं अडखळणं काढून टाकलंय.

मागच्या पावसाळ्यात माझे मामा गेले. वय ५७, रिक्षा चालवायचे. दहाव्याच्या आदल्या दिवशी मामेभावाला फोन आला. "वडिलांच्या पर्सनल लोनचे तीन हप्ते थकलेत. मुलगा ना तुम्ही? आज निदान पाच हजार टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉर्म पाठवतो, त्यावर सही करून द्या." मामेभाऊ २२ वर्षांचा. रडून रडून डोळे सुजलेले, आणि हा पेन शोधतोय! मी फोन घेतला, "नंतर बोलू" म्हणालो आणि ठेवला. खरं सांगू? कायदा तेव्हा मलाही माहीत नव्हता. नंतर ओळखीच्या वकीलताईंकडे दोन-तीन चकरा मारल्या. तिथे जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

वडिलांचं कर्ज मुलाच्या डोक्यावर येतं का?

आपल्याकडे पक्की समजूत आहे की बापाचं कर्ज मुलाने फेडायचंच. ही समजूत हवेतून आलेली नाही. जुन्या हिंदू कायद्यात ते मुलाचं धर्मकर्तव्य मानलं जायचं आणि कोर्टही त्या आधारावर वसुली मान्य करायचं. पण हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी निव्वळ 'तू मुलगा आहेस' म्हणून कोर्टातून वसुली होत नाही.

मग कर्ज हवेत विरतं का? नाही. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

असं समजा, माणूस गेला की त्याच्या मागे एक गाठोडं राहतं. बँकेतले पैसे, गाडी, सोनं, जमीन, घरातला त्याचा हिस्सा. देणेकऱ्याचा हक्क या गाठोड्यावर असतो. वारसाच्या स्वतःच्या पगारावर किंवा त्याने स्वतः घेतलेल्या बाईकवर नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० हेच सांगतं: वारस जबाबदार, पण मृताची जेवढी मालमत्ता त्याच्या हातात आली तेवढ्यापुरताच.

उदाहरण घेऊ. समजा बँकेत ४० हजार आहेत आणि रिक्षा विकून ९० हजार आले. गाठोडं झालं १ लाख ३० हजारांचं. कर्ज आहे २ लाख १० हजार. तर वरचे ८० हजार मुलाने खिशातून भरायचे नाहीत. ते देणाऱ्याचं नुकसान. उलट बाजूही ऐका. रिक्षा गुपचूप विकून पैसे उडवले आणि "काहीच नव्हतं" म्हणालात, तर तेवढ्या रकमेचा हिशेब तुम्हाला द्यावा लागू शकतो.

तीन ठिकाणी मात्र सुटका नाही

एक, तुम्ही सहकर्जदार असाल तर. गृहकर्जात नवरा-बायको दोघांच्या सह्या असतात. एक गेला तरी दुसऱ्याचं कर्ज चालूच राहतं.

दोन, तुम्ही जामीनदार असाल तर. "नुसती सही दे रे" म्हणून पतपेढीत दिलेली सही इथे अंगाशी येते.

तीन, काही गहाण असेल तर. घर, गाडी, सोनं तारण ठेवलंय, तर आधी ते सोडवा, नाहीतर देणारा विकून आपले पैसे घेणार. सोसायटीचं पीककर्ज असेल तर सातबाऱ्यावर बोजा पाहा. वारस नोंद झाली म्हणून बोजा उतरत नाही.

गाठोड्यात न येणारे पैसे

नोकरी करणाऱ्याचा पीएफ मृत्यूनंतर नॉमिनीला मिळतो, आणि मृताच्या कर्जासाठी त्यावर हात टाकता येत नाही. नवऱ्याने विवाहित महिला संपत्ती कायदा, १८७४ खाली बायको-मुलांसाठी विमा काढला असेल, तर ती रक्कमही त्याच्या देणेकऱ्यांपासून सुरक्षित राहते.

पासबुक नीट चाळा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापलेले दिसले, तर ती बहुधा पंतप्रधान जीवन ज्योती विम्याची वर्गणी असते. त्यात २ लाखांचं संरक्षण आहे, पण वयाच्या ५५ पर्यंतच. २० रुपयांची कपात असेल तर अपघात विमा. हे पैसे आपोआप येत नाहीत, मागावे लागतात. पीएफ असेल तर त्याच्याशी जोडलेल्या विम्याचीही चौकशी करा.

अंत्यविधीचा खर्च

गाठोडं अपुरं असेल तर आधी कोणाचे पैसे? भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मध्ये क्रम दिलाय. वाजवी अंत्यविधी खर्च आणि शेवटच्या आजारपणातले डॉक्टरचे पैसे सगळ्यात आधी, बाकीची देणी नंतर. म्हणजे तुम्ही खिशातून शववाहिनी, लाकूड, सामान यांचा खर्च केला असेल तर पावत्या जपा. तो आधी वजा करून मागता येतो.

बिल थकलंय म्हणून हॉस्पिटलने मृतदेह अडवला, तर हात जोडत बसू नका. मृतदेह ताब्यात मिळणं हा नातेवाइकांचा हक्क आहे, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्क सनदेतही तो लिहिलाय. बिलाची वसुली वेगळी, देह वेगळा. लेखी मागा, नाही दिला तर पोलिसांना कळवा.

पैसेच नसतील तर आधी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या स्मशानभूमीत विचारा. मुंबईत पालिकेच्या स्मशानभूमीत दहनाचं लाकूड मोफत मिळतं. गेलेली व्यक्ती ईएसआयसीमध्ये असेल तर अंत्यविधीसाठी १५ हजारांपर्यंत मिळतात. बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर १० हजार. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला ५९ वर्षांपर्यंतचा कर्ता माणूस गेला, तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेचे २० हजार. त्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज करायचा.

पहिल्या महिन्यात काय करायचं?

१. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवा.

२. गेलेल्या माणसाचं एटीएम किंवा यूपीआय वापरू नका. पिन माहीत असला तरी नाही. बँकेत रीतसर क्लेम करा. सगळी कागदं दिल्यावर १५ दिवसांत निकाल लागायला हवा.

३. कर्ज देणाऱ्याला दाखल्यासह लेखी कळवा. कर्जाचा करारनामा, खात्याचा उतारा मागा आणि एक प्रश्न नक्की विचारा: या कर्जावर विमा होता का? बऱ्याचदा कर्ज देतानाच प्रीमियम कापलेला असतो आणि घरात कोणालाच माहीत नसतं.

४. कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका. वडिलांचं कर्ज तुमचं नसतं, पण "मी फेडीन" असं लिहून दिलंत तर तो तुमचा करार होऊ शकतो.

५. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी दिली तर तारीख-वेळ लिहून ठेवा, कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

६. सावकार दारात आला तर आधी परवाना दाखवायला सांगा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात होते.

मामांचं पुढे काय झालं?

रिक्षा विकली. अंत्यविधीचा खर्च वजा केला, उरलेले पैसे कंपनीला दिले आणि 'काही येणं बाकी नाही' असं पत्र घेतलं. चार महिने गेले, पण मामेभावाने स्वतःचा एक रुपया भरला नाही.

एक कर्ज मात्र अजून चालू आहे. तेराव्याला दोनशे पानं उठली पाहिजेत, असं भावकीतल्या मोठ्यांनी ठरवलं आणि मामीने बचत गटातून ३० हजार उचलले. तो खर्च 'वाजवी अंत्यविधी'त बसत नाही आणि सही मामीची आहे, त्यामुळे ते कर्ज तिचंच. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, हे गाडगेबाबा कीर्तनांतून गावोगाव सांगत फिरले. त्या दिवशी पंगतीत वाढायला मीही होतो. तोंड उघडलं नाही, याचं वाईट वाटतं.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर तुम्ही तोंड उघडा. एवढ्यासाठीच हा भाग केला. प्रत्येकाचं प्रकरण वेगळं असतं, तेव्हा मोठी रक्कम असेल तर वकिलाला भेटा. खर्च परवडत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि आज घरी गेल्यावर आई-बाबांना एकदा विचाराच, कोणाला जामीन राहिलाय का?